घोड्या बारीक होत्या

“त्या मोसमात घोड्या बारीक होत्या, एवढंच सांगा, डॉक,” कोरीन म्हणाली. “की माझं काम झालं.”

डॉक स्टिडमनं उत्तर द्यायच्या ऐवजी मक्याचा गरम पाव तिच्यापुढं सरकवला आणि वर लोणी ठेवलं. केंटकीतला माणूस अडचणीत सापडला की आधी पाहुण्याला खाऊ घालतो.

कोरीन औषध कंपनीची वकील. डॉकनं घोड्यांच्या सांधेदुखीवर शोधलेल्या औषधाला गेल्याच महिन्यात सरकारी परवाना मिळाला होता. परवान्याच्या पायऱ्या चढण्यात पेटंटची बरीच वर्षं फुकट गेली होती. त्यातली काही कायद्यानं परत मागता येतात, पेटंटच्या शेवटी जोडून मिळतात. मात्र कंपनी स्वतःच हातावर हात ठेवून बसली असेल, तर तेवढा काळ वजा होतो.

आणि एक वर्ष तसं अडचणीचं होतं. औषध गाभण घोड्यांना देऊन बघा, असं सरकारनं कळवलं ते घोड्या गाभण राहायच्या ऐन मोसमाच्या तोंडावर. घोडे होते, घोड्या होत्या, पण त्या मोसमात एकही घोडी गाभण केली गेली नाही. सगळं पुढच्या वसंतावर गेलं.

“मुदतवाढ अडवायला टपलेली दुसरी कंपनी विचारणारच, वर्षभर काय करत होतात म्हणून,” कोरीन म्हणाली. “बारीक घोड्या नीट गाभण राहत नाहीत, तेव्हा थांबणं बरोबरच. एका वाक्याचा प्रश्न आहे, डॉक.”

“बारीक नव्हत्या.”

कोरीननं पेन खाली ठेवलं. “पण दोन डॉक्टरांनी तपासायच्या असा नियम होता ना? तुम्ही आणि आयर्लंडहून आलेली ओर्ला डिव्हेन. वेगवेगळं तपासायचं, एकमेकांना सांगायचं नाही. मत जुळलं नाही तर लेक्सिंग्टनहून तिसरा डॉक्टर.”

“तो नियम मी मोडला. ती कुंपणापाशी पोचायच्या आतच मी ओरडलो, ‘बारीक आहेत गं, फासळ्या हाताला लागतात.’” डॉकनं कप गोल फिरवला. “भांडकुदळ बाई ती. आज ऊन पडलंय म्हटलं तरी वाद घालायची. मला वाटलं, आता येईल आणि मला खोटं पाडेल. तिनं एका घोडीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, ‘बारीकच आहेत.’ विश्वास टाकला बिचारीनं माझ्यावर. तिला यात ओढू नकोस, पोरी.”

“पण तुम्ही खोटं का बोललात?”

खिडकीबाहेर कुरणात दोन म्हाताऱ्या घोड्या माश्या वारत उभ्या होत्या. डॉक त्यांच्याकडे बघत राहिला.

“शिंगरं झाली की तिचं इथलं काम संपणार होतं. मग ती परत आयर्लंडला. मोसम चुकला तर आणखी एक वर्ष राहणार होती.”

“मग त्या वर्षात काय केलंत?”

“घोड्या जाड केल्या.”

“त्या आधीच जाड होत्या.”

“म्हणून तर जमलं.”

तो हसला, पण ते हसू काही टिकलं नाही. “विमानतळावर मीच सोडलं तिला. सबंध रस्ता घोड्यांच्या खुराकाबद्दल बोललो,” तो म्हणाला.

ओर्लाची आठवण त्याला रोज यायची. फोन करावासा रोज वाटायचा. पण थाप मारून आपण तिचं एक वर्ष लाटलं, हे त्याच्या मनातून जाईना. फोन लावला तर आधी ते कबूल करावं लागेल, आणि मग ती काय म्हणेल, या धास्तीनं त्यानं सहा वर्षांत फोन लावलाच नव्हता.

कोरीननं पावाचा तुकडा मोडला आणि तसाच ताटलीत ठेवला. “आम्हा वकिलांतही तीच पद्धत आहे, डॉक. दोघांना वेगवेगळं विचारायचं, एकाचं उत्तर दुसऱ्याला सांगायचं नाही. काल मी आयर्लंडला फोन केला होता.”

डॉकची मान वळली. “काय म्हणाली?”

“सांगितलं तर पद्धत मोडते.”

“मोड की. मी नाही मोडली?”

ओर्लाचे शब्द जसे आठवले तसे कोरीननं सांगितले. “म्हणाली, ‘मी पहाटेच तबेल्यात जाऊन सगळ्यांच्या पाठीवरून हात फिरवून आले होते. चांगल्या गुबगुबीत होत्या. बारीक आहेत हे कुठल्या तोंडानं सांगू, याच विचारात कुंपणाकडे जात होते. तेवढ्यात तो गडीच ओरडला, आणि माझा जीव भांड्यात पडला.’”

डॉकनं कप तोंडाला लावला, तो रिकामा होता, तरी लावून धरला.

“पहाटे?” त्यानं बऱ्याच वेळानं विचारलं.

“तुमच्या आधी.”

बाहेर एक घोडी फुरफुरली. कोरीननं कागद गोळा करून पिशवीत भरले. कंपनीला काय सांगायचं, याची जुळवाजुळव तिच्या मनात सुरू झाली असावी.

“ते वर्ष आता मागता येणार नाही, डॉक. वजाच करावं लागेल.” ती उठली. “तुम्हा दोघांतलं एक जण जरी त्या दिवशी खरं बोललं असतं ना, तर ते वर्ष गेलंच नसतं.”

“त्या वर्षाचं काय घेऊन बसलीस,” डॉक म्हणाला. “नंतरची सहा गेली नसती.”