सातवा नमुना

"सदऱ्याला विचारतेस, बाबा रे, किती पाणी प्यायलास? आणि आईला चहा विचारत नाहीस," डबा पिशवीत ठेवत आई म्हणाली.

लेक हसली. एका निळ्या सदऱ्यामागे किती पाणी, किती कोळसा, किती रंग खर्ची पडतो, हे मोजायचं तिचं काम. आई त्याच सदऱ्यांच्या रंगखान्यात वीस वर्षं कापड खळबळत होती. सुट्टीच्या दिवशीही तिची नखं निळी असत.

"नमुने गोळा करतेस म्हणे," आईनं चपलांत पाय सरकवले. "घरात एवढा मोठा नमुना असताना!"

"जा आता, उशीर होईल." लेकीनं मान वर केली नाही.

त्या दुपारी आई रंगखान्याच्या मागच्या, सांडपाण्याच्या टाकीपाशी पडलेली सापडली. झाकण उघडं होतं. आतल्या वायूनं घात केला. दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

पंधरवडा उलटला. लेक अहवाल लिहायला बसली की मोरीतून कापड खळबळल्याचा आवाज येई. उठून पाहावं, तर मोरी कोरडी ठणठणीत. पुन्हा कागदापाशी यावं, तर तक्त्यातले सहा रकाने भरलेले आणि सांडपाण्याचा सातवा तसाच, तोंड उघडून बसलेला.

रंगखान्याचा व्यवस्थापक आईची पिशवी घेऊन आला.

"तिकडे जायचं त्यांचं कामच नव्हतं, काका. त्या टाकीकडे आम्ही नमुने घ्यायला आलेल्या या ताईंनाही फिरकू दिलं नव्हतं."

"मग काय वाऱ्यानं नेलं तिला?" बाबा म्हणाले. "तुमच्याच कुणीतरी पाठवलं."

"मुकादमावर संशय आहे. बिचारा मुलांच्या शपथा घेतोय. उद्या पोलीस त्याला नेतील."

"नेऊ देत. पोरी, तूही अहवालात सगळं लिही. कुणाची भीडभाड ठेवू नकोस."

लेकीनं मोरीकडे पाहिलं. मोरीत खळबळ सुरू झाली होती.

बाबांनी पिशवी उपडी केली. रिकामा डबा. कंगवा. फडक्यात गुंडाळलेली एक बाटली, गळ्यापर्यंत निळीशार. त्यांनी तिच्यावरची चिठ्ठी उजेडात धरली.

"नमुना सात. मागची..."

ते थांबले. अक्षराचं ते वळण त्यांनीच लेकीकडून लहानपणी पाटीवर गिरवून घेतलं होतं.

मोरीतला आवाज बंद झाला.

"मुकादमाला नेऊ देऊ नका, बाबा," लेक म्हणाली. "आईला मी पाठवलं होतं."