ताईचं ब्लेड

दोघींच्या टेबल टेनिसच्या बॅट सात वर्षांपूर्वी ताईनेच दुकानातून रबर चिकटवून आणल्या होत्या. तेव्हापासून धाकटीचं एकच तुणतुणं, "रबराखालचं लाकूड, ते ब्लेड, ताईचं फास्ट, माझं नवशिक्यांचं. मग मी जिंकणार कशी?" आणि खरंच, ताई कप आणायची आणि ही पहिल्याच फेरीत घरी. शेवटी वयात बसणारी शेवटची निवड चाचणी उद्यावर आली, तशी ती तणतणत त्याच दुकानात गेली.

"काका, ताईसारखं फास्ट ब्लेड द्या. या लाकडाने माझं वाटोळं केलंय."

काकांनी तिच्या बॅटचं रबर सोललं, आतला शिक्का वाचला आणि चष्मा कपाळावर सरकवला.



"अगं, फास्टवालं तर हेच. तुझी ताईच म्हणाली होती, हे धाकटीला द्या, मला साधं पुरेल."