मापातली मान

हॉकाननं पोलादी पट्टी गिटारच्या मानेवर उभी धरली आणि खिडकीच्या उजेडाकडे एक डोळा लावला. पट्टी आणि लाकूड यांच्यामधून उजेडाची रेघसुद्धा पलीकडे जात नव्हती.

"घे लेका सीक्स्तेन," तो एकटाच मोठ्यानं म्हणाला. "अशी करून दाखव."

जुनी मान बाकावर शेजारीच पडली होती. ईस्टरच्या नाचात कुणाचा तरी धक्का लागून त्याच्या बायकोचं, इंगेलाचं बास गिटार आडवं झालं होतं आणि ही मान वर खुंट्यांपाशी तडकली होती. ती केली होती सीक्स्तेननं. इंगेलाच्याच बँडमध्ये अकॉर्डियन वाजवणारा हा गृहस्थ दिवसा शाळेत सुतारकाम शिकवायचा. सुतारकाम कसलं कपाळाचं, पोरांकडून लोणी लावायच्या लाकडी सुऱ्या करून घ्यायचा! आणि हॉकाननं अर्ध्या गावाची स्वयंपाकघरं केलेली, चर्चचं दार केलेलं. तरी इंगेला चारचौघांत कौतुकानं सांगणार, "माझ्या बासची मान सीक्स्तेननं केलीय बरं का." ते ऐकलं की हॉकानच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

मान तडकली तेव्हाही ती पटकन म्हणून गेली होती, "सीक्स्तेनकडे टाकते."

"का? मी मेलोय का?"

"तसं नाही रे. बरं, तूच कर. पण अगदी तशीच कर हं."

तशीच! हा शब्द त्याच्या डोक्यात जो रुतला तो काही निघेना. जुनी मान हातात घेऊन त्यानं माप घेतलं, आणि त्याला हसूच फुटलं. मागची गोलाई एका बाजूला भरलेली, दुसऱ्या बाजूला तासून पार उतरवलेली. मास्तरांचा रंधा घसरला वाटतं! असलं काम शिकाऊ पोरानं केलं असतं तर हॉकाननं ते चुलीत घातलं असतं. तशीच करतोय होय? त्यानं चांगलं वाळलेलं मेपलचं लाकूड काढलं, आत पोलादी सळई बसवली, स्वरांचे पडदे ठोकले आणि मागची गोलाई दोन्हीकडे अशी सारखी उतरवली की डोळे मिटून बोट फिरवलं तरी डावं-उजवं कळू नये.

मिडसमरचा, भर उन्हाळ्यातल्या सणाचा नाच दोन दिवसांवर आला होता. इंगेला कॉफीचा थर्मास आणि दालचिनीचे बन घेऊन कारखान्यात आली, तोवर त्यानं मान बासला जोडून तारासुद्धा चढवल्या होत्या.

"अगं बाई, काय देखणी झालीय रे!" ती म्हणाली. हॉकाननं खांदे उडवले, पण कान तिकडेच होते.

ती स्टुलावर बसली. एक चाल वाजवली, मग दुसरी. आवाज असा घुमला की खिळ्यांचे डबे थरथरले. सीक्स्तेनला हे ऐकवायला हवं, हॉकानच्या मनात आलं. तिसऱ्या चालीला मात्र माशी शिंकली. इंगेला मध्येच थांबली, डावा हात झटकला आणि पुन्हा सुरुवात केली. पुन्हा थांबली.

"काय झालं?"

"काही नाही. होईल सवय."

"सवय? अगं, केसभर वाकडी नाही ती!"

"हो ना. तेच तर."

तिनं बास खाली ठेवलं आणि तडकलेली मान उचलून मुठीत धरली. तिचा अंगठा त्या तासलेल्या बाजूवर असा जाऊन बसला, जसा पाय जुन्या चपलेत बसतो. हॉकान बघतच राहिला. मास्तरांचा रंधा घसरला नव्हता.

"अंगठा माझा वाकडा आहे, हॉकान. पुरता मागे जात नाही."

"कधीपासून?"

"कधीपासून काय? तुझं ते ओकचं कपाट जिन्यावरून वर चढवलं ना आपण, तेव्हा भिंतीशी चेंगरला होता. आणि तू वरून ओरडलास, कोपरा सांभाळ म्हणून."

कोपरा त्याला आठवला. कोपऱ्याला ओरखडासुद्धा आला नव्हता, तेही आठवलं.

"पण तो बरा झाला होता ना?"

"झाला की बरा. वाकडा बरा झाला."

हॉकाननं कानामागची पेन्सिल काढली. बास तिच्या मांडीवर परत ठेवलं, तिचा हात नव्या मानेवर आणला आणि अंगठा जिथं अडत होता तिथं खूण करू लागला. अंगठ्याचा सांधा बोराएवढा फुगलेला होता. हा हात रोज रात्री त्याच्या शेजारी झोपत होता. त्याच्यावरून त्यानं हळूच बोट फिरवलं. त्या मास्तरानंही फिरवलं असणार.

"त्यानंही असाच धरला होता का हात?" वर न बघता त्यानं विचारलं.

"कुणी? सीक्स्तेननं?" इंगेला हसली. "छे रे. हात कशाला धरतोय तो? त्यानं नुसतं विचारलं, दुखतं का म्हणून."