श्वास रोखा

सोनोग्राफीचं मशीन नवंनवं आलं होतं, तेव्हाची, पंच्याऐंशी सालची गोष्ट. पोटाची सोनोग्राफी शिकणाऱ्या डॉ. हेमंत लिमयेंना सरांनी पिरंगुटच्या शिबिरात शेवटचं बजावलं होतं, "आज एक तरी पित्ताशय शोधून दाखव, नाहीतर परत हाडांचे एक्स-रे काढत बस."

टेबलावर गेणबा येऊन आडवा झाला. घोटावड्यात कुणी विहिरीत पडलं की बुडी मारून त्याला वर काढायचं, हे गेणबाचं खातं.

"बाबा, मोठा श्वास घ्या आणि मी सांगेपर्यंत रोखून धरा."

"धरतो की. तुमी बगा निवांत."

लिमये पडद्याला नाक लावून शोधू लागले. यकृत दिसलं, मूत्रपिंड दिसलं, आणि शेवटी बरगड्यांखालून पित्ताशय हळूच डोकावलं. त्यांनी चित्र स्थिर करायचं बटण दाबलं आणि स्टुलावरून थेट खाली कोसळले. गेणबाबरोबर आपणही श्वास रोखून बसलोय, हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

धप्प आवाज ऐकून सर धावत आले. पडद्यावर झकास पित्ताशय होतं, जमिनीवर डॉक्टर पालथे पडले होते, आणि पेशंट त्यांच्या पाठीवर बसून पाणी काढायला बघत होता.

"अहो, हे काय चाललंय?"



"भिऊ नगा सायेब, पोरगं आलं शुद्धीवर. जल्मभर हिरीतली मानसं काडली, पन माज्या पोटात बुडालेला ह्यो पयलाच!"