गळकी बोट

यंदा धरणाच्या कालव्याला पाणी सुटलं नाही, कारण बोईसरहून बोटिंगला येणाऱ्यांना धरण भरलेलं हवं होतं. गावाला तर हंडाभर पाणी उचलायचीही बंदी होती. नवशा तिथेच बोट चालवायचा, आणि कालव्याकाठी त्याच्या बायकोचा, पारूचा मोगरा सुकत चालला होता.

"नवशा, बोट गळतेय! पाणी उपस आधी!" बोटिंगचा ठेकेदार ओरडला.

उपसलेलं पाणी कुठे टाकायचं, हे मात्र त्याने सांगितलं नाही. नवशाने ते हंड्यात भरून घरी नेलं. मग रोजच नेऊ लागला. मोगऱ्याला कळ्या धरल्या.

"आता वांगी पन लावू काय?" पारूने विचारलं.

सकाळी नवशा ठेकेदारापुढे उभा राहिला.



"शेठ, दुसरी बोट पन गळाय लागली."