बशीचा दोष

मिलमधला मोठा पंखा बंद करून दहा मिनिटं झाली, तरी गुरवमामांच्या हातातला लेझर सेन्सर कंप दाखवतच होता. यंत्र मुठीएवढं, लाल ठिपका लोखंडावर पाडला की थरथर मोजायचं. पेपरमिलमध्ये मामा तीस वर्षं स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून बेअरिंगचं दुखणं ओळखत आले होते.

"म्हटलं होतं ना मॅडम, खेळणं आहे हे!" मामा खुशीत म्हणाले.

नव्या इंजिनियर मॅडमनी सेन्सर स्टँडवर बसवला. आकडा शून्यावर आला. पुन्हा मामांच्या हातात दिला, तर सेकंदाला पाच झटके.

"मामा, थरथर तुमच्या हाताची आहे," त्या हळूच म्हणाल्या. "घरी कुणाच्या लक्षात नाही आलं?"

"घरच्यांना काय कळतंय यातलं," म्हणत मामांनी हात खिशात घातला.

घरी येऊन त्यांनी कुलूप काढलं, चहा ठेवला. फळीवर तीन नव्या बश्या पडून होत्या. दिवाळीपासून कप खडखडायला लागला, तेव्हा बशीतच दोष आहे असं धरून त्यांनी एकेक बदलून पाहिली होती. शेवटी कंटाळून स्टीलचा पेला काढला होता.

आज त्यांनी मुद्दाम कपबशी घेतली. खडखड घरभर घुमली. बायकोला जाऊन चार वर्षं झाली होती, तरी मामांची मान आतल्या खोलीकडे वळली. "अहो, हात दाखवा बघू," असं कुणी म्हणेल म्हणून.

मग त्यांनी बशी खाली ठेवली आणि डाव्या हातानं उजवा हात धरला.