यंत्राच्या मनगटातली बांगडी

यंत्राने उजव्या हाताने डाव्या मनगटावरून काहीतरी मागे सारल्यासारखं केलं आणि मगच सर्किट बोर्ड उचलला.

“आई, अगं तुझी सवय!” मुक्ता ओरडलीच. “बांगड्या मागे सारतंय ते!”

कारखान्यातली सगळी यंत्रं हंसाबाईंचे हात बघून सोल्डरिंग शिकली होती. आता ते हात थरथरत, म्हणून त्या घरीच असत. आज खास लेकीला दाखवायला आल्या होत्या.

“आजच काढतोय ती सवय,” यंत्रं सांभाळणारे कामतसर संगणकात बघत म्हणाले. “बांगड्याच नाहीत, तर सारायचं काय? फुकट वेळ जातो, ताई.”

मुक्ताचा चेहरा पडला. सोल्डरिंग काय, कुणीही शिकवलं असतं! आईचं असं इथे तेवढंच तर होतं.

“खरंय सरांचं,” म्हणत हंसाबाईंनी हातातली एक हिरवी बांगडी काढली आणि यंत्राच्या डाव्या मनगटात हळूच चढवली.

यंत्राने ती अलगद मागे सारली. काच किणकिणली. मग त्याने बोर्ड उचलला.

कामतसरांनी संगणकावरचा हात काढला. “राहू दे बुवा,” ते म्हणाले. “आता त्याला कारण आहे. पण हे एकच यंत्र हं!”

“बाकीची किती आहेत, सर?” मुक्ताने विचारलं. “घरी आईच्या बांगड्यांचा अख्खा डबा आहे!”